मुडपलेलं बोट

हार्मोन्सचा धडा दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो, आणि त्या धड्याला वर्ग हमखास जागा असतो. एरवी बारावीची ही मुलं पहाटे उठून क्लासला जातात, तिथून उपाशीपोटी कॉलेजात येतात आणि माझ्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतात. मी काही बोलत नाही. उभ्या उभ्या झोपायची सोय असती तर मीही झोपले असते. इतकी वर्षं तीच ग्रंथी, तीच आकृती, फळ्यावर तोच बाण. खडूसुद्धा कंटाळला असेल.

या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं धडा सुरू होण्याआधीच हात वर केला. प्रश्न विचारायला करतात तसा नाही. पंजा माझ्याकडे करून, बोटं जुळवून.

"मॅडम, माझी अनामिका तर्जनीपेक्षा मोठी आहे. म्हणजे माझ्यात टेस्टोस्टेरॉन जास्त आहे का?"

मोबाइलवर कुठलीतरी रील फिरत होती. अंगठीचं बोट लांब असेल तर माणूस धाडसी, तापट, जोखीम घेणारा. अंगठ्याशेजारचं लांब असेल तर मवाळ, मनानं हळवा. पाच मिनिटांत सगळा वर्ग हात बाकावर पसरून बसला. कंपासपेट्यांतल्या पट्ट्या निघाल्या. मागून एकजण ओरडला, "मॅडम, इसकी उंगली देखो, पूरी लेडीज हय!" ज्याला म्हटलं त्या पोरानं हात पँटच्या खिशात घातला, तो तास संपेपर्यंत बाहेर काढला नाही. वही तशीच कोरी.

मी टेबल वाजवलं आणि सांगितलं, जे सांगायला मला पगार मिळतो ते. बाळ पोटात असताना बोटं घडतात, त्याच काळात हार्मोन्सचंही काम चालू असतं. पुरुषांमध्ये सरासरीनं अनामिका थोडी लांब दिसते, हे काही अभ्यासकांनी मांडलंय. त्यावरून स्वभाव सांगायचा प्रयत्नही झालाय, आणि त्यावर वादही तेवढेच आहेत. पण हा सगळा गर्दीचा हिशेब आहे. एका माणसाचा हात बघून त्याचा स्वभाव सांगता येत नाही, आणि आज त्याच्या रक्तात काय आहे ते तर मुळीच सांगता येत नाही.

चेहरे तसेच. मग मी विचारलं, "मराठवाड्यात सरासरी पाऊस चांगला झाला म्हटल्यावर तुमच्या शेतात पडलाच, असं होतं का रे?"

"नाय होत मॅडम," शेंद्र्याकडून येणारा एक पोरगा मागून म्हणाला. "आमच्याकडं तर औंदा नायच पडला."

वर्ग हसला आणि गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात शिरली. पहिल्या बाकावरची मात्र हसली नाही. तिच्या वरच्या ओठावर बारीक लव होती, आणि ओढणीचं टोक ती पुन्हा पुन्हा तोंडाशी नेत होती. तेव्हा कळलं की तिनं हा प्रश्न गमतीनं विचारलेला नाही. तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. पाळी वेळेवर येते का विचारलं, घाबरू नको म्हटलं, आईला घेऊन एकदा डॉक्टरांना दाखव म्हटलं. तिनं मान हलवली. निदान विचारलं तरी तिनं.

स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि आधी चप्पल काढली. मग माझा हात बघितला. माझीही अनामिका लांब. बघायची गरज नव्हती खरं तर. माझा निकाल हाताच्या बोटांवर नाही, पायाच्या बोटांवर फार पूर्वीच लागलेला आहे.

मी पाचोडची. गावाचा आठवडी बाजार मोठा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून नातेवाईक यायचे ते आमच्याकडे पाणी प्यायला, पिशव्या ठेवायला टेकायचे. अशाच एका बाजाराला आत्या आली होती. मी दहावीत असेन. न्हाणीच्या दगडावर मी पाय धूत होते आणि ती तांब्यानं पाणी ओतत होती. ओतता ओतता थांबली.

"वहिनी, इकडं ये बरं," तिनं आईला हाक मारली. "पोरीचं बोट बघितलंस का? अंगठ्याच्या वर गेलंय. नवऱ्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटील ही."

आईनं बघितलं. तिनं ते आधीही बघितलं असणारच, पोटची पोर आहे. पण दुसऱ्या कुणी बघितलं की गोष्ट खरी होते. पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब म्हणजे बाई वरचढ, हे आमच्याकडे शाळेत न जाताही पाठ असतं. मुलगी बघायला येणाऱ्यांत एक तरी म्हातारी अशी असते, जी चेहऱ्याकडे बघतच नाही. ती पायाकडे बघत बसते.

आई भांडली नाही, रडली नाही. तिनं उपाय काढला. "बोट मुडपून चालायचं," ती म्हणाली. "टोक जमिनीला रुतवायचं, म्हणजे पेर वर येतं अन् बोट आखूड दिसतं. आत्तापासून सवय लाव. ऐनवेळी नाही जमत." मी घरात तसं चालायला लागले. पाण्याची घागर घेऊन, चहाचा ट्रे घेऊन. आई स्वयंपाकघरातून फक्त "बोट" एवढंच म्हणायची, आणि माझं बोट मुडपायचं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, हे आज नवल वाटतं. वेणी घालतात, पदर सावरतात, तसं बोट मुडपतात.

बघायला आले तेव्हा सगळं सुरळीत झालं. त्यांनी मला चालायला सांगितलं, मी चालले. म्हातारी होतीच. तिनं पाय नीट न्याहाळले आणि मान डोलावली. मग लग्नात जोडवी घालायची वेळ आली. जोडवं नेमकं त्याच बोटात घालतात! मामी जोडवं चढवायला बसली, समोर सासरच्या बायका, आणि मी बोट मुडपलेलं सोडेना. मामीला वाटलं, पोरगी लाजतेय. तिनं तसंच दाबून चढवलं. ते जोडवं मुडपलेल्या पेरावर इतकं घट्ट बसलं की पुढं मला बोट सरळ करायची मुभाच राहिली नाही.

लग्न होऊन मी शहरात, उस्मानपुऱ्यात आले. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना भाजी निवडत दारात बसायची सवय होती, आणि खाली बसलेल्या माणसाची नजर पायांच्या उंचीवर असते, इतकंच. त्यांच्यासमोरून मी दिवसातून कितीदा तरी जायची. बोट आपोआप मुडपायचं. पेरावरची कातडी जाड होऊन भोवरी झाली, ती चपलेला घासायची. भोवरी कापली, पुन्हा झाली. यथावकाश सासूबाई गेल्या. सुतक फिटल्यावर एक दिवस मी निवांत पलंगावर बसले आणि म्हटलं, आता सोडावं बोट. तर ते सुटेना. हातानं ओढलं तरी सुटेना.

आता गंमत अशी की बोट लपवलं तरी भविष्य चुकलं नाही, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांचं मत आहे. घर हिच्या हातात, दाजी बिचारे साधे. आमचे हे खरंच साधे आहेत. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर हे देतात आणि वर "थँक्यू" म्हणतात. वर्गात तो प्रश्न आला त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना हात पुढे करायला सांगितलं. तर्जनी लांब! मी हसले. त्यांनी कारण विचारलं नाही, हात तसाच पुढे धरून टीव्ही बघत राहिले.

पण माझं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. नळाला पाणी कधी येणार याचा नेम नाही, मग टँकरवाल्याशी कुणी भांडायचं? सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरला कुणी उठवायचं? मुलीच्या ॲडमिशनला रांगेत कुणी उभं राहायचं? मी केलं, कारण दुसरं कुणी करत नव्हतं. त्याला लोक स्वभाव म्हणतात. खमकी आहे बाई, म्हणतात. मी खमकी नाही. मी दमलेली आहे. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, कारण दमलेल्या बाईला गोड बोलायला ताकद उरत नाही.

तर हे बोट. या वर्षी ते इतकं दुखायला लागलं की सलग दोन तास उभं राहून शिकवणं जमेना. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण होता, माझ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्यानं बोट हातात घेऊन हलवून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, लहान मापाचे शूज घालायचात का?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तो म्हणाला, सांधा आखडलाय. छोटंसं ऑपरेशन आहे, थोडं हाड काढू, तार घालू, सरळ होईल. मी बघते म्हटलं. ऑपरेशन म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे पोर्शन मागे पडणार, घरात पाणी कोण भरणार. मी गोळ्या घेऊन परत आले.

याच दिवसांत मुलीसाठी स्थळ आलं. माझी मुलगी शेंद्र्याला एका कंपनीत आहे, मशिनांची देखभाल बघते. सत्तावीस वर्षांची. पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घालून जाते आणि केस रबरानं वर बांधते. स्थळाचा मुलगाही तिकडेच दुसऱ्या कारखान्यात. माझ्या भावानं पाचोडहून हे स्थळ काढलं होतं. बायोडेटा गेला, आला, आणि मग दोघं फोनवर बोलायला लागली. बाल्कनीत उभी राहून ती बोलायची. आतून मला शब्द ऐकू यायचे नाहीत, हसणं ऐकू यायचं. एरवी कामावरून आली की ती भिंतीसारखी गप्प असते. मला बरं वाटत होतं. कुणालाच काही न बोलता मी मनातल्या मनात हॉल बघायला सुरुवातही केली होती.

रविवारी ते बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि मावशी. मुलीनं मला पोहे करू दिले नाहीत, समोसे मागवले. साडी नेसली नाही, कुर्ता घातला. पायात चपला नव्हत्या आणि फरशीवर तिची दोन्ही पायांची बोटं सरळ, मोकळी पसरलेली होती. लांब बोट अंगठ्याच्या पुढे, अगदी माझ्यासारखं. माझ्या तोंडात शब्द आला होता. "बोट." आईचाच आवाज. मी तो गिळला.

पण कुणी पायाकडे बघितलंच नाही. मावशी तर म्हणाल्या, "आम्ही जुनं काही मानत नाही हं. पत्रिकासुद्धा नाही." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दुसरा समोसा वाढला. मग मावशींनी मुलीची अंगठी बघायची म्हणून तिचा हात हातात घेतला. अंगठी बघून झाली तरी हात सोडला नाही. बोटं जुळवून बघितली.

"हे बघ गं," त्या आपल्या बहिणीला म्हणाल्या, "हिचं करंगळीशेजारचं बोट किती लांब आहे. मी वाचलंय यावर. हे हार्मोनमुळे असतं. अशा मुली जरा मुलांच्या वळणाच्या असतात. आता तर सायन्सनं सिद्ध केलंय. मॅडमना माहीतच असणार, त्यांचा विषयच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीनंही. माझ्याकडे पावसाचं उदाहरण तयार होतं, वर्गात चांगलं चाललं होतं. पण सोफ्यावर बसलेली माणसं विद्यार्थी नसतात, आणि बाल्कनीतलं ते हसणं माझ्या कानात होतं. "तसं अगदीच काही नसतं हो," मी म्हणाले आणि चटणीची वाटी पुढे सरकवली.

दोन-तीन दिवसांनी भावाचा फोन आला.

"अक्का, समद्यांना पसंत हाय पोरगी. लई आवडली म्हणायलेत." मग म्हणाला, "फकस्त एक हार्मोनची टेस्ट करून घ्या म्हणायलेत. रक्ताची. पुढं लेकराबाळाला अडचण नको, एवढंच. पोरगी जरा मर्दानी वाटली त्यांना, अन् ते बोटाचं पण काय तरी हाय म्हणे. दुसऱ्यांनी हुंडा मागितला असता अक्का. ह्यांनी टेस्ट मागितली. चांगली माणसं हायत."

मी फोन ठेवला आणि राग यायची वाट बघत बसले. तो आला नाही. रागाला पण अंगात जीव लागतो. मला एवढंच दिसत होतं, एक सुई, एक छोटी नळी, आणि मग सगळं मार्गी. मला शास्त्र माहीत आहे. बोटावरून काही ठरत नाही हे मला माहीत आहे. पण इतकं चांगलं स्थळ, तिचं हसणं, आणि मध्ये फक्त एक नळी. होऊन जाऊ दे, म्हटलं.

संध्याकाळी ती कंपनीच्या बसनं आली. मी खुर्चीत बसून गरम मिठाच्या पाण्यात पाय सोडला होता. हे स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. तिनं सेफ्टी शूज काढले, मोजे काढले, माझ्यासमोर खाली बसली. मी तिला मामाचा फोन सांगितला. सगळं जमेल तेवढ्या साध्या आवाजात सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "एक सॅम्पल द्यायचंय. करून टाक. कटकट मिटेल."

ती मोज्याची घडी करत होती. "झालीय," ती म्हणाली.

"काय झालीय?"

"टेस्ट. मी केलीय कधीच. दोन वर्षं झाली असतील."

मला समजेना. ती मोज्याकडे बघतच बोलत राहिली. शिफ्टच्या ड्युट्यांमुळे पाळी पुढे-मागे व्हायला लागली होती. हनुवटीवर दोन-चार केस यायचे, ते ती चिमट्यानं काढायची. मग कॅन्टीनमध्ये मुलींनी बोटं मोजली. कुणीतरी म्हटलं, तुझं तर पुरुषांसारखं आहे. सगळ्या हसल्या, तीही हसली. "मला वाटलं माझ्यात खरंच काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून चिकलठाण्याकडच्या एका लॅबमध्ये ती एकटी गेली होती. रिपोर्ट येईपर्यंत तिला जेवण गेलं नव्हतं. मला ते दिवस आठवले. मला वाटलं होतं ती डाएट करतेय, आणि ताटात अन्न टाकते म्हणून मी बोलले होते.

"नॉर्मल आहे सगळं," ती म्हणाली.

"अगं पण मला विचारायचंस ना. मी तर हाच धडा..."

"तू दमलेली असतेस, आई."

रागानं नाही म्हणाली. आज नळाला पाणी नाही, हे जसं सांगतात तसं म्हणाली. मला पहिल्या बाकावरची ती मुलगी आठवली. परक्याच्या मुलीनं मला विचारलं होतं. माझ्या मुलीनं नाही.

"मोबाइलमध्ये असेल रिपोर्ट," ती पुढे म्हणाली. "देऊन टाक मामाला. नॉर्मलच आहे. कटकट मिटेल."

माझेच शब्द, माझाच आवाज. फक्त ती सत्तावीस वर्षांची होती. या वयात एवढं दमायचं नसतं. जो राग दुपारपासून येत नव्हता तो आत्ता आला, कुणावर ते कळत नव्हतं.

"नाही द्यायचा," मी म्हणाले.

"स्थळ जाईल."

"जाऊ दे."

"तुला जाऊ दे म्हणायला काय जातं?" आता तिनं वर बघितलं. "मला तो आवडलाय, आई."

तिला तत्त्व सांगणं सोपं होतं, पण तत्त्वाबरोबर रविवारी फिरायला जाता येत नाही. मी पाय पाण्यातून बाहेर काढला आणि फरशीवर ठेवला. म्हटलं, "हे बोट बघ."

"भोवरी आहे ना ती? चपलेची."

"नाही," मी म्हणाले, आणि तिला सगळं सांगितलं. न्हाणीवरची आत्या, आईचं "बोट", बघायला आलेली म्हातारी, मामी, जोडवं, दारात भाजी निवडणाऱ्या सासूबाई. आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला होता, म्हणजे हेही ऐकत होते.

तिनं मोजा बाजूला ठेवला. "आजीला कळू नये म्हणून?"

"हो."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "कधी बघितलंच नाही."

तिनं फोन उचलला आणि तिथेच, माझ्यासमोर बसून मुलाला लावला. बाल्कनीत गेली नाही. आवाजही बाल्कनीतला नव्हता, मशिनशी बोलल्यासारखा होता. "मी टेस्ट करून देणार नाही," ती म्हणाली. आधी केलीय, नॉर्मल आहे, यातलं एक अक्षर बोलली नाही. पलीकडचं ऐकून घेतलं. मग ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"घरी बोलतो म्हणाला."

ह्यांनी चहा आणून ठेवला. मग न विचारता माझा मोबाइल उचलला, माझ्या भावाला लावला आणि उभ्या उभ्या म्हणाले, "टेस्ट वगैरे जमणार नाही आम्हाला. तसं कळवा त्यांना." एवढंच. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि काळजीनं विचारलं, "जास्त कडक बोललो का?" तर्जनी लांब असलेला माझा नवरा! मुलगी रडता रडता हसली. तोवर ती रडतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पाच मिनिटांत भावाचा फोन मला आला. "अक्का, दाजी असं बोलणाऱ्यातले नाहीत. तूच बोलायला लावलं असशील. तुझं पहिल्यापासून असंच हाय."

"व्हय," मी म्हणाले. वाद घालायची ताकद नव्हती.

मुलाचा फोन त्या संध्याकाळी आला नाही. हे लिहीत असतानाही आलेला नाही. येईल, न येईल. ती कामावर जाते, येते, मोबाइल उलटा ठेवते आणि अधूनमधून सरळ करून बघते. बाल्कनीत कुणी जात नाही. मी तिला काही विचारत नाही, पण ती घरी येण्याच्या वेळी आता खुर्चीत डोळे मिटून बसत नाही. बसले तरी डोळे उघडे ठेवते. ऑपरेशनची तारीख तिनंच घेऊन ठेवलीय.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर तिनं टॉवेल आणला आणि माझा ओला पाय मांडीवर घेतला. पुसला. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत माझं ते बोट धरलं आणि हळूहळू सरळ करायला लागली. कळ पार गुडघ्यापर्यंत गेली. बोट थोडं सरळ झालं, तिच्या बोटाशेजारी तिच्याच बोटासारखं दिसलं. तिनं सोडलं तसं ते पुन्हा मुडपलं.

"दुखतंय?"

"हो."

तिनं पुन्हा धरलं. या वेळी जास्त सरळ केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "सोडू?"

"नको," मी म्हणाले. "थोडा वेळ धर."